आकाशाचे कारकून
एप्रिल-मे महिन्यांत, गावातील दिव्यांपासून दूर गेल्यास, दक्षिण क्षितिजावर नरतुरंग तारकासमूहात एक अंधुक ठिपका नुसत्या डोळ्यांनी दिसतो. टॉलेमीने त्याची नोंद तारा म्हणून केली होती. १६७७ मध्ये सेंट हेलेना बेटावरून वेध घेणाऱ्या हॅलेने तो तारा नव्हे हे ओळखले. ओमेगा सेंटॉरी हा सुमारे एक कोटी ताऱ्यांचा गोलाकार तारकागुच्छ असून त्याचा प्रकाश येथवर यावयास सुमारे १७ हजार वर्षे लागतात.

विश्वातील आपली जागा माणसाला अशाच गुच्छांनी दाखविली. हे गुच्छ आकाशात सर्वत्र सारखे विखुरलेले नसून धनू राशीच्या बाजूस दाटले आहेत; त्यावरून १९१८ च्या सुमारास हार्लो शॅप्ले यांनी आकाशगंगेचे केंद्र तिकडे असल्याचा निष्कर्ष काढला. सूर्य मध्यावरून कडेला गेला. शॅप्ले यांचे श्रेय निर्विवाद आहे. परंतु त्यांच्या मोजपट्टीचा पाया दुसऱ्याच व्यक्तीने घातला होता.

हेन्रिएटा लेव्हिट या हार्वर्ड वेधशाळेत काचेवरील छायाचित्रे तपासण्याचे काम करीत. हुद्दा 'संगणक', म्हणजे आकडेमोड करणारी बाई. वेतन ताशी ३० सेंट. लहान मॅगेलनी मेघ ही एक खुजी दीर्घिका. तिच्यातील सारे तारे आपल्यापासून जवळजवळ सारख्याच अंतरावर असल्याने दिसणाऱ्या तेजातील फरक हा खऱ्या तेजातलाच फरक ठरतो. तेथील २५ रूपविकारी तारे तपासून १९१२ मध्ये त्यांनी दाखवून दिले की, तारा जितका तेजस्वी तितका त्याच्या तेजाच्या चढउताराचा काळ मोठा. काळ मोजा, खरे तेज कळेल. तेज कळले की अंतर आलेच. १९२१ मध्ये लेव्हिट निवर्तल्या. त्याच वर्षी वेधशाळेचे संचालकपद शॅप्ले यांच्याकडे गेले.

ओमेगा सेंटॉरी हा आकाशगंगेने गिळलेल्या एका खुज्या दीर्घिकेचा उरलेला गाभा असावा, असे आज बहुतेक अभ्यासक मानतात. २०२४ मध्ये त्याच्या मध्याशी इतक्या वेगाने धावणारे सात तारे आढळले की, त्यांना रोखून धरण्यास निदान ८,२०० सूर्यांइतक्या वस्तुमानाचे कृष्णविवर हवे. हा अर्थ सर्वांनाच मान्य नाही. मौज पुराव्याची आहे. हबल दुर्बिणीने वीस वर्षांत घेतलेली ही पाचशेहून अधिक छायाचित्रे मुख्यतः उपकरणे नीट चालतात की नाही हे पडताळण्यासाठी घेतलेली होती! उपयुक्ततेच्या निकषावर अनुदान वाटणाऱ्या एखाद्या समितीने या नोंदी जपण्याचा खर्च प्रथम छाटला असता.

हार्वर्डच्या कपाटांत काचेच्या सुमारे पाच लाख तबकड्या आहेत. संगणकात उतरविण्यापूर्वी त्यांवरील शाईच्या खुणांची छायाचित्रे घेण्यात आली. मग त्यांपैकी बहुतेक खुणा पुसण्यात आल्या, कारण त्यांखालचे तारे दिसावयास हवे होते.