तीन पट्ट्यांचं दशक

गेल्या महिन्यात ग्वाल्हेरच्या लश्कर भागातल्या आमच्या वाड्याची उरलीसुरली बाजू पाडली आणि न्हाणीघराची फरशी ट्रॉलीत भरून गेली. ग्वाल्हेरचाच फिकट हिरवट वालुकाश्म होता तो. ओल्या पायानं कितीही वावरा, घसरायची भीती नाही. हाच दगड ‘ग्वाल्हेर मिंट’ नावानं ब्रिटनमधल्या अंगणांत बसतो आणि इथल्या नव्या घरांत त्याला कोणी विचारत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

वाड्यातलं न्हाणीघर ऐसपैस. बंब, घंगाळ, पाट, सगळं मावून जागा उरायची. तेव्हा भिंतीकडे बघायची गरजच नव्हती. वाटण्या झाल्या, जिन्याखाली पाच बाय चारची बाथरूम आली आणि खोली मोठी कशी दिसेल हा प्रश्न आला. सुरुवातीला सहा इंची पांढरी टाइल असे, सांधे पांढऱ्या सिमेंटनं भरलेले. दवाखान्यासारखं दिसतं म्हणून लोकांनी नाकं मुरडली. पण सांधे रंगात मिसळून जात, दिव्याचा उजेड भिंतीभर पसरे, कोंडल्यासारखं कधी वाटलं नाही.

मग २००० नंतरचं दशक आलं. मोरबीच्या टाइल्स स्वस्त झाल्या आणि प्रत्येक दुकानात एकच मंत्र: खाली डार्क, मध्ये हायलायटर, वर लाइट. आमच्याकडे नळाच्या उंचीपर्यंत चॉकलेटी, त्यावर द्राक्षांच्या घोसांची पट्टी, वर क्रीम. तेही सात फुटांवर थांबलेलं आणि पुढे चुना. म्हणजे एवढ्याशा भिंतीचे चार तुकडे. नजर दर पट्टीला अडते आणि छत डोक्यावर उतरल्यासारखं वाटतं. मी एकाच फिकट रंगाचा आग्रह धरला होता. ‘साहेब, प्लेन आता कोण लावतं?’ म्हणून दुकानदारानं तो उडवून लावला आणि घरातल्यांनी त्याचीच बाजू घेतली. त्या दशकानं शहरातली हजारो लहान न्हाणीघरं आणखी लहान केली, असं माझं ठाम मत आहे.

पट्ट्यांना माझा विरोध नाही. किल्ल्यावर मानमंदिर बघा. राजा मानसिंह तोमरानं (राज्यकाळ १४८६ ते १५१६) त्या भिंतींवर निळ्या-पिवळ्या चकाकत्या टाइल्स बसवल्या. पिवळ्या बदकांची रांग आजही दिसते. पण ती भिंत खालच्या रस्त्यावरून मान वर करून बघायची आहे. तिला पट्टी शोभते. हात लांब केला की समोरची भिंत लागते, तिथं ती कशी शोभेल?

आता दोन बाय चार फुटी टाइल आली आहे. पाच फूट रुंद, सात फूट उंच भिंतीला सहा इंची १४० लागायच्या, तिथं कापून-जोडून पाच-सहांत काम होतं. सांधे कमी, ग्राउट त्याच रंगाचं, टाइल थेट छतापर्यंत: भिंतींपुरतं हे उत्तम. पण तीच आरशासारखी टाइल जमिनीवरही लावतात, तिथं माझा राग अनावर होतो. आमच्या वहिनी त्यावर घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. जमिनीला त्याच रंगाची मॅट टाइल घ्या, फूटभराचीच. जाळीकडे ढाळ नीट काढायला लहान तुकडाच लागतो. आणि मोठीच बसवायचा मिस्त्रीनं हट्ट धरला, तर मिस्त्री बदला.