चोवीस बरोबर आले, म्हणून काय?

फलज्योतिषावर भांडणारे महाराष्ट्रात पुष्कळ, मोजायला बसणारे थोडे. २००८ साली खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर, संख्याशास्त्राचे प्राध्यापक सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते नरेंद्र दाभोलकर आणि ज्योतिषाचे चिकित्सक प्रकाश घाटपांडे पुण्यात मोजायला बसले. १०० हुशार विद्यार्थ्यांच्या आणि १०० मतिमंद मुलांच्या कुंडल्या जमवून प्रत्येक ज्योतिष्याकडे त्यांतल्या ४० पाठवल्या. कुठली कुंडली कोणत्या गटातली, एवढंच सांगायचं होतं. २७ जणांनी उत्तरं पाठवली. २००९ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये निकाल छापून आला: सर्वांत जास्त बरोबर उत्तरं २४, आणि सगळ्यांची सरासरी २० च्याही खाली.

संख्याशास्त्राच्या पहिल्या वर्षाला गृहीतकाची चाचणी शिकवतात, ती हीच. आणि तिच्याबद्दलचे बहुतेक गैरसमजही याच एका प्रयोगावर तपासता येतात.

गैरसमज: ४० पैकी २४ म्हणजे ६० टक्के. त्या एकाला तरी नक्की काहीतरी कळत असणार.

वस्तुस्थिती: चाचणी सुरू होते ती ‘काहीही कळत नाही, नुसती छापा-काट्याची गोष्ट आहे’ असं धरून. याला शून्य गृहीतक म्हणतात. मग विचारायचं, की हे खरं असेल तर नुसत्या नशिबाने २४ किंवा त्याहून जास्त बरोबर येण्याची शक्यता किती? उत्तर आहे सुमारे १३ टक्के. हीच ती पी-व्हॅल्यू. पण इथे नाणं उडवणारा एकटा नाही, २७ जण आहेत. त्यांच्यापैकी निदान एकाला २४ किंवा जास्त मिळण्याची शक्यता जवळजवळ ९८ टक्के निघते! म्हणजे कोणालाच २४ मिळाले नसते, तर ते नवल ठरलं असतं. वर्तमानपत्रात ‘अचूक भाकीत करणारा’ म्हणून फोटो येतो तो अशा २७ मधल्या पहिल्याचा. बाकीच्या २६ जणांना कोणी विचारत नाही.

गैरसमज: पी-व्हॅल्यू १३ टक्के, म्हणजे तो ज्योतिषी नशिबावर चालला असण्याची शक्यता १३ टक्के आणि त्याला खरंच कळत असण्याची ८७ टक्के.

वस्तुस्थिती: हे साफ उलटं वाचन आहे, आणि शिकलेली माणसंही ते सर्रास करतात. ते १३ टक्के ‘नशीबच’ असं आधी मानून काढलेत. जे मानूनच चाललो, त्याची शक्यता त्याच आकड्यातून कशी निघेल? अमेरिकन स्टॅटिस्टिकल असोसिएशनला २०१६ साली निवेदन काढून हेच सांगावं लागलं होतं.

गैरसमज: पी-व्हॅल्यू ०.०५ च्या खाली आली की सिद्ध.

वस्तुस्थिती: २० मध्ये १ ही रेघ रोनाल्ड फिशर यांनी १९२५ च्या पुस्तकात सोयीची म्हणून सुचवली. तो निसर्गनियम नाही. पुण्याच्या प्रयोगात कसोटी कडक होती: ४० पैकी २८, आणि ती आधीच ठरवलेली. नुसत्या नशिबाने एकट्याला २८ किंवा जास्त मिळायची शक्यता १ टक्क्याहून कमी. तरीही २७ जणांत एखाद्याला ते जमण्याची शक्यता २० टक्क्यांच्या आसपास येते. म्हणून एखादा २८ वर पोचला असता, तरी त्याची नव्या कुंडल्यांवर पुन्हा परीक्षा घेणंच शहाणपणाचं ठरलं असतं.

गैरसमज: कोणीच २८ गाठले नाहीत, म्हणजे कोणाला काहीच कळत नाही हे सिद्ध झालं.

वस्तुस्थिती: हा गैरसमज आमच्या बाजूच्यांचा, म्हणजे ज्योतिष न मानणाऱ्यांचा लाडका आहे. समजा, एखाद्याला खरोखरच १०० पैकी ६० कुंडल्या ओळखता येतात. तोही ४० कुंडल्यांत २८ गाठेल याची शक्यता जेमतेम १३ टक्के. म्हणजे आठांत सात वेळा तो नापासच होईल. एकेकट्याच्या परीक्षेला ४० हा नमुना लहान पडतो. गृहीतक नाकारता आलं नाही याचा अर्थ ते खरं ठरलं असा होत नाही.

मात्र २७ जणांची उत्तरं एकत्र धरली की १,०८० होतात, आणि चित्र पालटतं. नशिबाने ५४० बरोबर यायला हवीत; त्यात १६-१७ चा चढउतार नेहमीचा. सगळ्यांना मिळून ६० टक्के कळत असतं तर ६४८ च्या आसपास आली असती. प्रत्यक्षात सरासरी निम्म्याहूनही खाली. तेव्हा ६० टक्क्यांचा दावा इथे टिकत नाही.

आणि कोणी म्हणालं, ‘आमचं कौशल्य साडेपन्नास टक्के’? तेवढा बारीक फरक पकडायचा तर चाळीस हजारांच्या घरात कुंडल्या तपासाव्या लागतील. त्यानंतर तो कदाचित ०.०५ च्या रेघेखाली जाऊन ‘सिग्निफिकंट’ ठरेलही, पण सिग्निफिकंट म्हणजे मोठा नव्हे. दोनशे कुंडल्यांमागे नाण्यापेक्षा एक जास्त बरोबर, एवढाच तो. त्याची दक्षिणा किती द्यायची, ते ज्याचं त्याने ठरवावं.