लुईज फारांक : पियानो, सिंफनी आणि बरोबरीचा पगार

पॅरिसच्या बास्तीय चौकातल्या उंच स्तंभाच्या माथ्यावर पंख पसरलेली एक सोनेरी आकृती उभी आहे. ती घडवणारा शिल्पकार ओग्युस्त द्युमाँ. शहरात येणारा-जाणारा प्रत्येक जण त्याचे काम पाहतो. त्याच्या सख्ख्या बहिणीने तीन सिंफनी लिहिल्या. त्या मात्र शंभराहून अधिक वर्षे जवळजवळ कोणी वाजवल्याच नाहीत. ही बहीण म्हणजे लुईज फारांक.

लुईजचा जन्म 31 मे 1804 रोजी पॅरिसमध्ये झाला. द्युमाँ घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या शिल्पकला चालत आलेली. कलेचा व्यवसाय करण्यात काही वावगे आहे, असे त्या घरात कोणालाच वाटत नव्हते. पियानोवर लवकर हात बसला, तसे तिला रचनाशास्त्र शिकण्यासाठी आंतोन राइखाकडे पाठवण्यात आले. राइखा पॅरिस कॉन्झर्व्हेटरी या संगीत विद्यालयात शिकवत असे; पण तिथल्या रचनेच्या वर्गात मुलींना प्रवेश नसल्याने लुईजला हे शिक्षण खासगीतच घ्यावे लागले. 1821मध्ये तिने बासरीवादक आरिस्तीद फारांक याच्याशी लग्न केले. पुढे त्याने संगीत प्रकाशनाचा व्यवसाय सुरू केला आणि बायकोच्या रचना छापल्या. तिच्या पियानोरचनेची स्तुती 1836मध्ये जर्मन संगीतकार रॉबर्ट शूमानने आपल्या नियतकालिकात केली.

तेव्हाच्या पॅरिसमध्ये नाव आणि पैसा मिळे तो ऑपेरातून. सिंफनी म्हणजे जर्मनांचा प्रांत, असा सर्वसाधारण समज. लुईजने नेमकी हीच वाट धरली. सिंफनीला लागणारा मोठा वाद्यवृंद जमवायचा, तर संस्थेची मर्जी लागे. तिची पहिली सिंफनी 1845मध्ये ब्रसेल्सला वाजली. तिसरी, जी मायनरमधली, 1849मध्ये पॅरिस कॉन्झर्व्हेटरीच्या नामांकित वाद्यवृंदाने सादर केली. संथ सुरुवातीतून अचानक उसळणारा पहिला भाग आणि शेवटपर्यंत न ढळणारा ताण, यांमुळे आज ती तिची सर्वोत्तम कृती मानली जाते.

याच कॉन्झर्व्हेटरीत 1842मध्ये ती पियानोची प्राध्यापक झाली. एकोणिसाव्या शतकात एवढ्या वरच्या कायम पदावर तिथे स्त्री वादक क्वचितच पोहोचे. तिच्या वर्गात फक्त मुली. सर्व स्वरांतल्या तिच्या 30 अभ्यासरचना संस्थेने पाठ्यक्रमात घेतल्या, तिच्या विद्यार्थिनी बक्षिसे मिळवू लागल्या. पगार मात्र पुरुष सहकाऱ्यांपेक्षा कमीच राहिला.

1850मध्ये नऊ वाद्यांसाठी लिहिलेले तिचे ‘नोनेट’ गाजले. पहिल्या प्रयोगात व्हायोलिनवर होता पुढे नामवंत झालेला, पण तेव्हा अजून विशीतही न पोहोचलेला योझेफ योआखिम. पॅरिस कौतुक करत असतानाच लुईजने कॉन्झर्व्हेटरीचे संचालक ओबेर यांना पत्र लिहून सहकाऱ्यांच्या बरोबरीने वेतन मागितले. ते मिळालेही. तिने दयेची याचना केली नाही. आपण काय काम केले आहे, ते पुढे ठेवले. वेळही अचूक निवडली.

1859मध्ये मुलगी व्हिक्टोरिन वारली. आईच्या हाताखाली घडलेली ती गुणी पियानोवादक होती. त्यानंतर लुईजचे नवे लेखन जवळपास थांबले. नवरा-बायकोने मग दुसरे काम हाती घेतले : कळफलक-वाद्यांसाठीच्या, विस्मरणात गेलेल्या जुन्या रचनांचे संपादन. ‘पियानोवादकांचा खजिना’ या अर्थाचे नाव दिलेली ही खंडमाला 1861पासून निघू लागली. 1865मध्ये आरिस्तीद गेला. पुढचे खंड लुईजने एकटीने पूर्ण केले आणि या जुन्या रचना विद्यार्थिनींकडून मैफलींत वाजवून घेतल्या. दरम्यान चेंबर संगीतासाठीचे शार्तिए पारितोषिक तिला 1861 आणि 1869 असे दोनदा मिळाले. 1873मध्ये तिने नोकरी सोडली. 15 सप्टेंबर 1875 रोजी तिचे निधन झाले.

तिच्या सिंफनी छापल्याच गेल्या नव्हत्या आणि स्वरलिपी हाती नसताना कोणता वाद्यवृंद वाजवणार? विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अभ्यासकांनी हस्तलिखितांवरून शोध सुरू केला, पुढे जर्मनीत संपादित आवृत्ती निघाली, मग ध्वनिमुद्रणे आली. दुसऱ्यांच्या विस्मृत रचनांसाठी लुईजने जे केले, तेच तिच्यासाठी कोणीतरी करावे लागले. स्त्री कलावंत विसरली गेली, की ‘गुणवत्ता कमी पडली असेल’ असे सहज म्हटले जाते. लुईजच्या बाबतीत ते खोटे आहे. कमी पडली ती छपाई आणि संस्थांची इच्छा. वाचकांनी स्वतःच पारख करावी : आधी तिसरी सिंफनी ऐका, मग नोनेट.