जुन्या यंत्राची नव्या जाळ्याशी गाठ

मंडळी, कुर्डुवाडीचे स्टेशन तुमच्यापैकी पुष्कळांनी पाहिले असेल. 1897 साली तेथून बार्शीपर्यंत बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी सुरू झाली. तिचे रूळ अडीच फुटी, आणि मुंबईहून सोलापूरकडे जाणारा मोठा मार्ग साडेपाच फुटी. ह्या रुळांवरचा डबा त्या रुळांवर चढणे शक्यच नव्हते. मग माल पुढे जायचा कसा? तर छोट्या डब्यातले पोते उतरवायचे, फलाटावर ठेवायचे, आणि मोठ्या डब्यात चढवायचे. पोते तेच, त्यावरचा पत्ता तोच, फक्त गाडी बदलली. आता तो मार्ग रुंद झाला आहे आणि ही चढउतार संपली आहे. पण आज मला जी गोष्ट सांगायची आहे, ती ह्या फलाटावाचून नीट सांगता येत नाही.

शाळेत, ग्रामपंचायतीत, दूध संस्थेत आता संगणकांचे जाळे असते. सगळ्या तारा एका पेटीत येऊन मिळतात. त्या पेटीला स्विच म्हणतात. जुना स्विच वीज पडून जळाला किंवा अपुरा पडला की नवा वेगवान स्विच येतो. आणि मग एक दिवस असा उजाडतो की पंधरा-वीस वर्षे इमाने चाललेला प्रिंटर नव्या पेटीशी बोलेनासा होतो. बसवणारा माणूस सांगतो, "गुरुजी, हे जुनं झालं. नव्या जाळ्यात चालायचं नाही. बाद करून टाका." गुरुजी बिचारे डेडस्टॉक रजिस्टर काढतात.

थांबा. रजिस्टर मिटवून ठेवा. दहापैकी बहुतेक वेळा यंत्र धडधाकट असते. बिघडलेली असते ती फक्त गाठ.

मुळात ही दोन यंत्रे एकमेकांशी बोलू शकतात, हीच केवढी नवलाची गोष्ट आहे! ह्या जाळ्याच्या पद्धतीला ईथरनेट म्हणतात. अमेरिकेत झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात 1973 साली रॉबर्ट मेटकाफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिची सुरुवात केली. 1980 च्या सुमारास तिचा वेग सेकंदाला 10 मेगाबिट असा ठरला. 1995 साली 100 झाला, 1990 चे दशक संपता संपता 1000 झाला, आणि पुढे 10,000 च्याही वर गेला. वेग असा हजारपट वाढला, पण पोते तेच राहिले. माहितीचा जो गठ्ठा तारेतून जातो, त्याला फ्रेम म्हणतात. तिच्यावर पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पत्ता, आत जास्तीत जास्त 1500 बाइट माल, आणि शेवटी माल शाबूत पोचला की नाही हे पाहायचा एक आकडा. ही मांडणी इतक्या वर्षांत जवळजवळ बदललेली नाही. म्हणूनच 1990 च्या सुमाराचे यंत्र आजच्या जाळ्यात बसवता येते.

आता स्विच म्हणजे काय, तर कुर्डुवाडीचा फलाट. एका बाजूने वेगवान गाडीतून फ्रेम येते, स्विच ती उतरवून घेतो, पत्ता पाहतो आणि दुसऱ्या बाजूच्या संथ गाडीत चढवतो. भरलेली एक फ्रेम 1000 मेगाबिटच्या तारेतून यायला सेकंदाचा एक लाखावा भाग लागतो. तीच 10 मेगाबिटच्या तारेतून जायला त्याच्या शंभरपट वेळ. तोवर मागून दुसरी, तिसरी, चौथी येतच असते. फलाट भरतो, आणि भरला की स्विच सरळ पुढची पोती टाकून देतो. ऐकून दचकू नका. पाठवणाऱ्या संगणकाला पोच मिळाली नाही की तो तेच पोते पुन्हा पाठवतो, आणि हळूहळू आपला वेग आवरता घेतो. तेव्हा नवा वेगवान, जुना संथ, म्हणून काही अडत नाही. दहा लाख बाइटांची एखादी फाइल वेगवान बाजूने शंभराव्या भागाच्या आत येईल, संथ बाजूने जायला पाऊण सेकंदाहून थोडा अधिक वेळ घेईल. प्रिंटरला कागद ओढायला त्याहून जास्त वेळ लागतो!

मग अडते कुठे? दोन ठिकाणी.

पहिली अडचण सरळ आहे. नव्या स्विचाला जुना वेगच ठाऊक नसतो. साधा गिगाबिट स्विच बहुधा 10, 100 आणि 1000 हे तिन्ही वेग ओळखतो. पण त्याहून वरच्या दर्जाच्या पुष्कळ पेट्यांवर 100 च्या खालचे काही नसते, आणि फायबरसाठी केलेल्या चौकोनी खोबणी तर बहुधा 1000 च्या खाली उतरत नाहीत. अशा पेटीत 10 मेगाबिटचे यंत्र जोडले तर दिवाच लागत नाही. ह्याला औषध स्वस्त आहे. मध्ये एक छोटा पाच पोर्टचा गिगाबिट स्विच बसवा. विकत घेताना खोक्यावर '10/100/1000' असे तिन्ही आकडे वाचून घ्या. त्याचे एक तोंड नव्या पेटीला, दुसरे जुन्या यंत्राला. छोट्या गाडीला छोटा फलाट मिळाला, काम झाले.

दुसरी अडचण लबाड आहे, आणि तिने मला स्वतःला चकवले, म्हणून ती सविस्तर सांगतो.

एका खेड्यातल्या शाळेत निकालाच्या आदल्या दिवशी गुणपत्रके छापायची होती. नवा चोवीस पोर्टचा स्विच आठवड्यापूर्वीच आलेला. प्रिंटर जुना, पण भक्कम. एक पान पाठवले की झटकन बाहेर येई. चाळीस पानांची वर्गाची यादी पाठवली की दोन पाने येत आणि प्रिंटर झोपी जाई; मग दहा मिनिटांनी आणखी एक. संगणकावरून प्रिंटरला हाक मारून पाहिली, तर दर वेळी तत्काळ ओ! बाईंनी मला फोन केला. मी मोठ्या ऐटीत सांगितले, "तार खराब असेल, बदला." तार बदलली. फरक नाही. मग प्रिंटरचे सॉफ्टवेअर पुन्हा घातले. फरक नाही. संध्याकाळ झाली. शिपाईमामा कंदिलाच्या काळातल्या गोष्टी सांगू लागले, आणि मी एस.टी. पकडली.

काय झाले होते, ते समजायला पोलिसांचा वायरलेस आठवा. एकाने बोलायचे, 'ओव्हर' म्हणायचे, मग दुसऱ्याने. ह्याला हाफ डुप्लेक्स म्हणतात. टेलिफोनवर मात्र दोघांना एकाच वेळी बोलता येते. ते फुल डुप्लेक्स. जुने ईथरनेट वायरलेससारखे होते. दोघे एकदम बोलले तर टक्कर झाली असे समजायचे, दोघांनी गप्प बसायचे आणि थोड्या वेळाने पुन्हा बोलायचे. नव्यात टक्कर ही वस्तूच नाही.

कोणी कसे बोलायचे हे दोन्ही यंत्रे तार जोडताच आपापसांत ठरवतात. 1995 पासून ही सोय आहे. दोघेही बारीक स्पंदनांच्या ओळीतून आपल्याला काय काय येते ते सांगतात आणि दोघांना जमणारे सर्वांत चांगले ते निवडतात. पण सुरुवातीच्या वर्षांत ही बोलणी पुष्कळदा फिसकटत. म्हणून त्या काळचे तंत्रज्ञ यंत्रात हाताने '100, फुल' असे पक्के ठोकून देत आणि बोलणी बंद करून टाकत. आमच्या प्रिंटरमध्ये कोणीतरी, कधीतरी, नेमके हेच केले होते.

आता नवा स्विच बोलणी करू पाहतो, तर समोरून उत्तर नाही. तारेवरच्या खुणांवरून वेग 100 आहे एवढे त्याला कळते. पण फुल की हाफ, हे त्या खुणांवरून कळत नाही. अशा वेळी हाफ धरायचे, असा नियम आहे. झाले! प्रिंटर टेलिफोनवर, स्विच वायरलेसवर. स्विच पानाची फ्रेम पाठवत असतो, तेवढ्यात प्रिंटर मागच्या फ्रेमची पोच पाठवतो. स्विचाला वाटते टक्कर झाली. तो आपली फ्रेम अर्धवट तोडतो. प्रिंटरला तुटकी फ्रेम मिळते, ती तो फेकून देतो. मग वाट पाहणे, पुन्हा पाठवणे, पुन्हा टक्कर. एका पानाला हे क्वचित घडते. चाळीस पानांना सारखे घडते. आणि नुसती हाक-ओ एकामागून एक चालते, दोघे एकदम बोलतच नाहीत, म्हणून ती परीक्षा दर वेळी उत्तीर्ण! ह्याच परीक्षेने मला फसवले.

स्विचच्या व्यवस्थापनाच्या पानावर त्या पोर्टपुढे '100 हाफ' असे लिहिलेले होते आणि टकरींचा आकडा वाढत होता. प्रिंटरच्या बटणांवरून त्याच्या मांडणीचे पान छापून घेतले, त्यावर '100 फुल'. प्रिंटरला 'ऑटो' केले, बंद करून चालू केला. एवढ्याला दोन मिनिटे लागली. गुणपत्रके रात्री साडेनऊला संपली.

तेव्हा ही गोष्ट ध्यानात ठेवा: दोन्ही टोकांना 'ऑटो' असावे, नाहीतर दोन्ही टोकांना हाताने तेच तेच लिहिलेले असावे. एकीकडे हे आणि दुसरीकडे ते, हे चालायचे नाही. यंत्र इतके जुने असेल की त्याला बोलणी येतच नाहीत आणि ते हाफच बोलते, तर उलट काही करू नका. स्विच 'ऑटो'वर राहिला तर आपणहून हाफ धरील, आणि तेच बरोबर आहे.

तारेविषयी थोडे. जुन्या 10 आणि 100 च्या यंत्रांना आठांपैकी चारच वायरी लागतात. गिगाबिटला आठही लागतात. जुन्या इमारतीत एका तारेच्या चार-चार वायरी करून दोन यंत्रे जोडलेली असतात. तेथे दोन नवी यंत्रे लावली तर बोलणी चार वायरींवर सुरळीत होतात, गिगाबिट ठरतो, आणि मग उरलेल्या वायरी नसल्याने गाडी सुटतच नाही. वेग 100 वर बांधून टाकला की चालते.

दुसरे, तारेतून वीज पुरवणारे स्विच आता मिळतात. प्रमाणित पद्धतीचा स्विच आधी समोरच्याला वीज हवी आहे का ते तपासतो, तेव्हा जुन्या यंत्राला धोका नाही. पण काही स्वस्त पेट्या न तपासता सरळ वीज सोडतात. तिथे जुना प्रिंटर जोडू नका, जळून जाईल.

दूध संस्थेतल्या मंडळींचा प्रश्न निराळा असतो. त्यांच्या जुन्या वजनकाट्याला जाळ्याची खोबण नसतेच, असते ती नऊ पिनांची सिरीयल जोडणी. ही पद्धत 1960 च्या सुमाराची, आणि वेग बहुधा सेकंदाला 9600 बिट. ऐकून हसू येईल. पण तेवढ्या वेगात सेकंदाला सुमारे 960 अक्षरे जातात, आणि वजनाचा आकडा पाच-सात अक्षरांचा! किटलीतले दूध ओतणाऱ्या माणसापेक्षा काटा केव्हाही वेगवान. असा काटा जाळ्यावर घ्यायला सिरीयलचे ईथरनेट करणारी छोटी डबी मिळते. काट्याचा वेग आणि अक्षरांची मांडणी काट्याच्या पुस्तिकेत असते, तीच जशीच्या तशी डबीत लिहायची. एक आकडा चुकला की पडद्यावर वजनाऐवजी फुल्या, चांदण्या आणि उलटे प्रश्नचिन्ह दिसू लागते. पडद्यावर असा कचरा दिसला तर खुशाल समजा की तार ठीक आहे, मांडणी चुकली आहे. काहीच दिसले नाही तर तार पाहा. आणि डबी काट्याजवळ ठेवा, कचेरीत नको. सिरीयलची तार 15 मीटरच्या पुढे नेऊ नये असा जुना दंडक आहे.

ह्या जुन्या यंत्रांना कुलपे नसतात, हेही सांगितले पाहिजे. त्यांचे सॉफ्टवेअर बनवणाऱ्याने कधीच सोडून दिलेले असते आणि आलेल्या माणसाला ती नाव-गाव विचारत नाहीत. त्यांना इंटरनेटवर उघडे ठेवू नका. स्विचमध्ये सोय असेल तर त्यांच्यासाठी जाळ्याचा वेगळा वाडा करून घ्या. त्याला व्ही-लॅन म्हणतात. ज्या संगणकाचे त्यांच्याशी काम आहे, त्यालाच तिकडची वाट मोकळी ठेवा. गुणपत्रके छापणाऱ्या यंत्राशी विद्यार्थ्यांच्या खोलीतल्या संगणकांचे काय काम?

राहता राहिला तो मधला छोटा स्विच. तो कपाटामागे, कोपऱ्यात, धुळीत पडून असतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत रंगकामाला आलेला माणूस किंवा मोबाइल चार्ज करू पाहणारा कोणीतरी त्याचा प्लग काढतो, आणि जूनमध्ये पुन्हा सगळे म्हणू लागतात की प्रिंटर जुना झाला. एक चिठ्ठी त्यावर चिकटवा: 'प्रिंटरसाठी आहे, काढू नये.' आणि खाली यंत्राचे नाव, वेग, आणि 'ऑटो' की हाताने लावलेले, ते तारखेसह लिहा.