बाळ पेटीतून घरी आलं, पुढे काय?

दुधनी हे मधुबन धरणाच्या जलाशयाकाठचं गाव. सेलवासहून खानवेलमार्गे तिथे जायचं तर डोंगरातला सुमारे 40 किलोमीटरचा रस्ता आहे. पर्यटकांना तो आवडतो. पण दोन महिने आधी जन्मलेलं 1,400 ग्रॅमचं बाळ सेलवासच्या श्री विनोबा भावे सिव्हिल हॉस्पिटलमधून घरी आणलेल्या वारली किंवा कोकणा आईला तोच रस्ता पुन्हा पुन्हा तुडवावा लागतो, तोही दिवसाची मजुरी बुडवून. आणि घरातले विचारतात, ‘बाळ तर पेटीतून बाहेर आलं. दूध पितंय, रडतंय. आता कशाला परत जायचं?’

दुधनीलाच हे विचारतात असं नाही. जव्हार-मोखाड्यातही विचारतात आणि पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्येही. कमी दिवसांच्या नाजूक बाळाबद्दलचा सगळ्यांत महागात पडणारा गैरसमज हाच आहे. डिस्चार्जचा अर्थ एवढाच की बाळाला आता चोवीस तास यंत्रांची गरज उरली नाही. डोळे, कान, मेंदू, फुप्फुसं यांची वाढ अजून चालू असते आणि तिच्यावर लक्ष ठेवायची पाळी आता घरच्यांची असते.

या एका समजाभोवती बाकीचे बरेच समज गोळा झालेले असतात. बहुतेक बाळ पेटीत असतानाच सुरू होतात.

‘सातव्या महिन्याचं जगतं, आठव्याचं जगत नाही’

कोकणापासून विदर्भापर्यंत हे ऐकू येतं. हा समज आपल्याकडचाच आहे असंही नाही. हिपोक्रेटिसच्या नावावर असलेल्या प्राचीन ग्रीक वैद्यकग्रंथांमध्ये आठव्या महिन्यातल्या गर्भावर एक स्वतंत्र लेखनच आहे. तरीही तो चुकीचा आहे. गर्भाशयात मिळालेला प्रत्येक जादा आठवडा बाळाच्या फायद्याचा असतो. फुप्फुसातले बारीक फुगे मिटून चिकटू नयेत म्हणून त्यांना आतून सरफॅक्टंट नावाच्या पदार्थाचा लेप लागतो. तो साधारण 34 ते 35 आठवड्यांच्या सुमारास पुरेसा तयार होतो. म्हणून 34 आठवड्यांच्या बाळाची स्थिती 30 आठवड्यांच्या बाळापेक्षा चांगली असते. या म्हणीमुळे दुहेरी नुकसान होतं. आठव्या महिन्यातल्या बाळाच्या घरचे आधीच धीर सोडतात, आणि सातव्या महिन्यातल्या बाळाच्या घरचे उगाच निर्धास्त राहतात.

नाकाला नळ्या लागल्या म्हणजे आशा संपली, हाही असाच समज. सीपॅप नावाचं यंत्र नाकावाटे हवेचा हलका दाब देतं, श्वास बाळ स्वतःच घेत असतं. व्हेंटिलेटरही अनेक बाळांना काही दिवसच लागतो.

‘पेटीतल्या बाळाला आईनं हात लावायचा नाही’

हात न धुता लावायचा नाही, हे खरं. पण आईला काचेबाहेर उभं ठेवण्याचा काळ आता मागे पडला आहे. 1978 साली कोलंबियातल्या बोगोटा शहरात डॉ. एडगर रे यांच्या रुग्णालयात पेट्या कमी आणि बाळं जास्त होती. त्यांनी बाळांना आयांच्या उघड्या छातीशी बांधायला सुरुवात केली. हीच कांगारू पद्धत. पुढे जागतिक आरोग्य संघटनेनं पाच देशांमध्ये तिचा मोठा अभ्यास केला. त्यात दिल्लीचं सफदरजंग रुग्णालयही होतं. बाळ स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच कांगारू पद्धत सुरू केली तर 1 ते 1.8 किलोच्या बाळांमधले मृत्यू सुमारे पाव हिश्श्यानं कमी होतात, असा निष्कर्ष 2021 मध्ये प्रसिद्ध झाला. आता दिवसाचे 8 ते 24 तास बाळाला असं ठेवावं अशी संघटनेची शिफारस आहे.

आणि ही पद्धत घरीही चालू ठेवायची असते. बाळाच्या अंगावर फक्त टोपी, मोजे आणि लंगोट ठेवायचा. आईच्या दोन्ही स्तनांच्या मधोमध त्याला उभं धरायचं, पाय बेडकासारखे दुमडलेले. मान एका बाजूला वळवून किंचित वर ठेवायची, म्हणजे नाक दबत नाही आणि बाळाचा चेहरा आईला दिसत राहतो. वरून मऊ सुती साडीचं फडकं पाठीशी घट्ट बांधायचं. पावसाळ्यात दुधनीसारख्या गावात वीज गेली, घर गार पडलं, तरी आईच्या अंगाची ऊब कमी होत नाही. आई दमली की बाबांनी बाळ घ्यावं, आजीनं घ्यावं. पुरुषाच्या छातीशीही बाळ तितकंच उबदार राहतं. हे काम आईच्या एकटीच्या गळ्यात टाकायचं कारण नाही.

‘एवढ्याशा जिवाला आईचं पातळ दूध कसं पुरेल?’

उलट आहे. कमी दिवसांच्या बाळाच्या आतड्यांना सूज येऊन ती सडण्याचा एक भयंकर आजार होतो. आईच्या दुधानं त्याचा धोका कमी होतो, वरच्या दुधानं वाढतो. मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांनी 1989 साली आशियातली पहिली मातृदुग्धपेढी उभी केली. ज्यांच्या आईला दूध कमी येत होतं त्या बाळांनाही माणसाचंच दूध मिळावं, हा त्यामागचा हेतू होता.

ओढणं, गिळणं आणि श्वास घेणं या तिन्ही गोष्टींचा मेळ बाळाला साधारण 34 आठवड्यांच्या सुमारास जमतो. तोवर नळीनं, मग वाटी-चमच्यानं किंवा उकळून घेतलेल्या बोंडल्यानं आईचं काढलेलं दूधच द्यायचं. वजन हवं तसं वाढत नसेल तर त्या दुधात काय मिसळायचं ते डॉक्टर ठरवतील. गुटी, मध, साखरपाणी यातलं काहीही नको. मधातून एक वर्षाच्या आतल्या बाळाला बोट्युलिझम हा जिवावरचा आजार होऊ शकतो.

‘डोळे तर छान टपोरे आहेत, मग तपासायचे कशाला?’

या मुद्द्यावर थोडं जास्त थांबायला हवं, कारण इथे एका महिन्याच्या उशिरानं आयुष्यभराचं अंधत्व येऊ शकतं.

डोळ्याच्या मागच्या पडद्याच्या रक्तवाहिन्या गर्भाच्या शेवटच्या महिन्यांत पूर्ण होतात. बाळ आधीच बाहेर आलं की त्या अर्धवट राहतात, आणि ऑक्सिजनच्या कमी-जास्त मात्रेमुळे कधीकधी वेड्यावाकड्या वाढून पडदा ओढून सोडवतात. आजाराचं नाव आहे रेटिनोपथी ऑफ प्रीमॅच्युरिटी, दवाखान्यात म्हणतात आरओपी. बाहेरून काहीही दिसत नाही. बाळ दिव्याकडे बघतं, डोळे स्वच्छ असतात, आणि आत आजार वाढत असतो. घरच्यांना बुबुळात पांढरी झाक दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो.

34 आठवड्यांच्या आत जन्मलेल्या किंवा 2,000 ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या प्रत्येक बाळाचा पडदा जन्मापासून 30 दिवसांच्या आत तपासला गेला पाहिजे. 28 आठवड्यांच्या आतलं किंवा 1,200 ग्रॅमखालचं बाळ असेल तर दोन-तीन आठवड्यांतच. रक्तवाहिन्या पूर्ण झाल्याचं डॉक्टर सांगेपर्यंत ही तपासणी पुन्हा पुन्हा करावी लागते. आजार सापडला तर लेझर किंवा डोळ्यातलं इंजेक्शन असे उपाय आहेत, पण ते दोन-तीन दिवसांत व्हावे लागतात. म्हणूनच दुधनी ते सेलवास ही फेरी कितीही जड वाटली तरी ती टाळता येत नाही. डिस्चार्जच्या कागदावर डोळ्यांच्या तपासणीची तारीख नसेल तर ती लिहून घेतल्याशिवाय दवाखाना सोडू नये. त्याच कागदावर कानांच्या तपासणीचीही तारीख हवी. जास्त कावीळ, जंतुसंसर्ग, काही प्रतिजैविकं यांचा परिणाम ऐकण्यावर होऊ शकतो, आणि टाळी वाजवून ते कळत नाही.

गाडीभाड्याचं काय, हा प्रश्न रास्तच आहे. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रमाखाली एक वर्षापर्यंतच्या आजारी बाळाला सरकारी रुग्णालयात उपचार, औषधं, तपासण्या आणि ने-आणही मोफत आहे. ही सोय मागून घ्यायची असते, हक्कानं.

घरातले उपचार

शेगडीचा शेक आणि धुरी ही बाळंतिणीच्या खोलीतली जुनी रीत. बरेच दिवस ऑक्सिजनवर राहिलेल्या बाळाच्या फुप्फुसांना ऊद-ओव्याचा धूरही सोसत नाही, विडीचा तर नाहीच. वजन 2 किलो होईपर्यंत अंघोळीची घाई नको, पुसून घेणं पुरतं. नाका-कानात तेल सोडायचं नाही. पोट फुगलं म्हणून तापल्या सळईनं डाग देतात, मेळघाटात त्याला डंबा म्हणतात. त्यानं आजार जात नाही, जखमेतून जंतू रक्तात जातात. कोवळ्या उन्हात धरून कावीळ उतरेल अशी वाट पाहणंही धोक्याचं आहे. कमी दिवसांच्या बाळाच्या मेंदूला कावीळ लवकर इजा करते.

घरच्या माणसांच्या हातात याहून पुष्कळ काही आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’नं गडचिरोलीतल्या 39 गावांमध्ये गावातल्याच बायकांना नवजात बाळाची काळजी घ्यायला शिकवलं. नवजात मृत्यूंचं प्रमाण 62 टक्क्यांनी घटलं, आणि 1999 मध्ये ‘लॅन्सेट’नं ते छापलं. आज आशाताई घरी येते ती त्याच कामाच्या पायावर. तिच्याकडून श्वास मोजायला शिकून घ्यावं. बाळ शांत असताना पोटाची वर-खाली पूर्ण एक मिनिट मोजायची. 60 किंवा जास्त भरली तर पुन्हा मोजायची. पुन्हा तेवढीच आली, बरगड्यांखाली खड्डा पडत असला, बाळानं दूध सोडलं, अंग गार पडलं, झटका आला किंवा तळहात-तळपाय पिवळे झाले, तर 108 ला फोन करायचा. सकाळची वाट पाहायची नाही.

‘सहा महिन्यांचं झालं तरी पालथं पडत नाही’

वय मोजायची पद्धत इथे बदलावी लागते. बाळ 32 आठवड्यांनी जन्मलं, म्हणजे 40 पेक्षा 8 आठवडे आधी. जन्मून सहा महिने झाले असतील तर वाढीच्या हिशेबानं ते चार महिन्यांचं. दोन वर्षांपर्यंत वजन, मान धरणं, बसणं, बोलणं हे सगळं या सुधारित वयानं पाहायचं. लसींना मात्र ही सूट नाही. सहा, दहा आणि चौदा आठवड्यांच्या लसी जन्मतारखेनुसारच द्यायच्या. ‘अजून लहान आहे’ म्हणून थांबलं तर ज्याला लसीची सगळ्यांत जास्त गरज आहे तेच बाळ उघड्यावर पडतं.

पण ‘थोडं उशिरा करेल, आपोआप सुधारेल’ हे वाक्य सुधारित वयाच्या आडून खपवू नये. सुधारित चार महिन्यांनंतरही मुठी कायम मिटलेल्या, पाय कात्रीसारखे ताठ, किंवा वर्षाच्या आत एकच हात सारखा वापरणं, ही दाखवायची लक्षणं आहेत. मेंदू पहिल्या दोन वर्षांत सगळ्यांत जास्त शिकतो. व्यायामोपचार तेव्हाच सुरू झाले तर त्यांचा उपयोग सर्वाधिक. यासाठीच राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. फेब्रुवारी 2013 मध्ये त्याची सुरुवात दुधनीच्या शेजारच्याच मुलखात, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या पालघरला झाली.

‘आईचंच काहीतरी चुकलं असणार’

ग्रहण पाहिलं, पपई खाल्ली, जड ओझं उचललं, अशी कारणं शोधली जातात. खरी कारणं म्हणजे वाढलेला रक्तदाब, रक्तक्षय, जंतुसंसर्ग, जुळी बाळं, फार कमी वयातलं बाळंतपण. या आदिवासी पट्ट्यात सिकलसेलचाही विचार करावा लागतो. अनेकदा काहीच कारण सापडत नाही. पेटीशेजारी दिवसेंदिवस बसून आलेल्या बाईला आधीच झोप नसते. तिच्यावर दोष ठेवणं क्रूर आहे, आणि त्यानं दूध आटतं. ती सारखी रडत असेल, बाळाकडे पाहत नसेल, तर तिलाही डॉक्टरकडे न्यायचं.

भीती मात्र पुढेही वर्षानुवर्षं घरात राहते. 1964 साली अमेरिकेतल्या ग्रीन आणि सॉलनिट या डॉक्टरांनी लिहून ठेवलं, की एकदा मरणाच्या दारातून आलेल्या मुलाला आईबाप बरं झाल्यावरही आजारीच समजत राहतात, आणि त्याचा मुलाच्या वागण्यावर परिणाम होतो. पाच वर्षांचं मूल अंगणात धावायला निघालं की ‘नको, तुला सोसणार नाही’ म्हणणं हे त्यातलंच. डॉक्टरांनी मनाई केलेली नसेल तर धावू द्यावं, पडू द्यावं.

शाळेत चश्मा लागणं, अक्षरं उशिरा जुळणं, एका जागी न बसणं हे कमी दिवसांच्या मुलांमध्ये थोडं जास्त आढळतं. त्याला आळस म्हणू नये. बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा येतं. त्या दिवशी डिस्चार्जचा जुना कागद दप्तरात घालून द्यावा आणि मूल किती आठवड्यांचं, किती वजनाचं जन्मलं होतं, हे बाईंना आदल्या दिवशीच सांगून ठेवावं.