बाळाचा एक्स-रे नॉर्मल, मग हातपाय का हलत नाहीत?

आजचा विषय गंभीर आहे, पण घाबरवायचा हेतू नाही. जन्माच्या वेळी बाळाच्या पाठीच्या कण्याला होणारी इजा, खरं तर कण्याच्या आतल्या मज्जारज्जूला होणारी इजा. ही फार क्वचित होते. पण झालीच, तर ओळखायला बऱ्याचदा उशीर होतो. तो का होतो, हेच आज समजून घेऊ.

मी डॉक्टर नाही, सॉफ्टवेअरवाला आहे. ताईच्या आठव्या महिन्यातल्या सोनोग्राफीत 'ब्रीच' असं लिहून आलं आणि मी वाचायला बसलो. ब्रीच म्हणजे बाळाचं डोकं वर आणि ढुंगण किंवा पाय खाली. असं जन्मलेलं मूल म्हणजे आपल्याकडचा पायाळू. पायाळू माणसाने पाय लावला की कंबरेतली उसण जाते म्हणतात. गंमत बघा, दुसऱ्याच्या पाठीचा हा वैद्य, आणि जन्मताना धोका त्याच्याच मानेला! दिवस भरलेल्या १०० बाळांमध्ये साधारण ३ ते ४ बाळं ब्रीच असतात.

आता मुख्य मुद्दा. नवजात बाळाचे मणके अजून बरेचसे कूर्चेचे असतात, त्यांना बांधणारे बंधही सैल असतात. त्यामुळे मणक्यांची साखळी ताणली तर सुमारे ५ सेंटीमीटरपर्यंत लांबू शकते. आतला मज्जारज्जू मात्र जेमतेम ६ मिलीमीटर ताण सहन करतो. भिंतीतला लवचिक पाईप आणि त्यातली वायर डोळ्यांसमोर आणा. ओढलं तर पाईप लांबतो, सोडलं की जागेवर येतो. आतली वायर तुटलेली असते, बाहेरून पाईप मात्र ठणठणीत! म्हणूनच एक्स-रे पूर्ण नॉर्मल येऊ शकतो. एक्स-रेला हाडं दिसतात, मज्जारज्जू दिसत नाही. त्यासाठी एमआरआय लागतो.

हा ताण येतो कधी? ब्रीच बाळाचं अंग बाहेर आलं, डोकं आत अडकलं आणि अंग धरून ओढलं तर मानेच्या खालच्या भागावर ताण येतो. डोकं आधी येत असेल आणि चिमट्याने ते फिरवावं लागलं, तर मानेच्या वरच्या भागावर. सगळ्यात धोक्याची स्थिती म्हणजे ब्रीच बाळाची मान मागे ताणलेली असणं, जणू बाळ आकाशातले तारे बघतंय. सोनोग्राफीत हे दिसू शकतं, आणि अशा वेळी सिझेरियनचा सल्ला देतात. त्यामुळे रिपोर्टवर ब्रीच असेल तर "बाळाची मान कशी आहे?" हे डॉक्टरांना सरळ विचारा. यात आगाऊपणा काही नाही.

इजा झालेलं बाळ लुळं असतं, कधी श्वास नीट घेत नाही. जन्मताना ऑक्सिजन कमी पडलेलं बाळही असंच दिसतं, त्यामुळे आधी तोच संशय येतो. फरक चेहऱ्यात सापडतो. मज्जारज्जूची इजा असेल आणि मेंदू ठीक असेल, तर बाळ डोळे उघडून टकामका बघतं, पण मानेखाली हालचाल नसते.

इथे एक चकवा आहे. तळपायाला टोचलं तर पाय आखडू शकतो आणि घरच्यांना वाटतं, "हलतोय की!" पण ती हालचाल मज्जारज्जू खालच्या खाली घडवतो, मेंदूपर्यंत निरोप जातच नाही. म्हणून पाय आखडतो, पण बाळ रडत नाही, चेहऱ्यावर काही उमटत नाही. मी वाचलेल्यातलं मला सर्वांत अस्वस्थ करणारं हेच होतं.

तुटलेला मज्जारज्जू ऑपरेशनने जोडता येत नाही. मान स्थिर ठेवणं, श्वासाला आधार देणं, पुढे फिजिओथेरपी, हेच हातात असतं. मान स्थिर ठेवायची तर निदान वेळेत व्हायला हवं, म्हणून एवढी बडबड.

याच्या शेजारचीच, पण कितीतरी जास्त आढळणारी इजा म्हणजे मानेतून हाताकडे जाणाऱ्या नसा ताणल्या जाणं. खांदा अडकला की हे होऊ शकतं. यात सहसा एकच हात लुळा पडतो. जर्मनीचा सम्राट दुसरा विल्हेल्म १८५९ साली बर्लिनमध्ये पायाळू जन्मला. त्याचा डावा हात जन्मभर आखूड आणि अधू राहिला. फोटोंत तो बहुतेक वेळा झाकलेला दिसतो. आज यातली बहुतेक बाळं बरी होतात. पण "होईल आपोआप" म्हणत वर्ष घालवू नका. तीन महिन्यांच्या आसपास बाळ कोपर वाकवत नसेल, तर नसांचं ऑपरेशन करणाऱ्या तज्ज्ञाला दाखवायलाच हवं.

आणि फोन हातात असतोच ना? हालचालींची शंका आली तर तिथल्या तिथे डॉक्टरांना सांगा. शिवाय बाळ जागं असताना मिनिटभराचा व्हिडिओ काढा, चेहरा आणि चारही हातपाय दिसतील असा. ओपीडीत नेमकं बाळ झोपलेलं असतं, तेव्हा तो दाखवता येतो.