आधी गटार, मग गुगेनहाइम

२६ ऑगस्ट १९८३. स्पेनच्या उत्तरेला, बास्क प्रदेशातल्या बिल्बाओ शहरात वर्षाची मोठी जत्रा ऐन रंगात आली होती. पावसाची तिथे कुणाला नवलाई नाही. पण त्या शुक्रवारी तो थांबेचना आणि वर समुद्राला भरती. नेर्व्हिओन नदी काठ सोडून शहराच्या गावठाणात शिरली, जत्रेचे मांडव वाहून गेले, 'सात गल्ल्या' नावाच्या जुन्या पेठेतली दुकाने पार बुडाली. शहरात आणि आसपासच्या गावांत मिळून तीसहून अधिक माणसे गेली. ज्यांच्या घरात पानशेतच्या पुराच्या आठवणी अजून निघतात, त्यांना हे चित्र वेगळे सांगायला नको.

पूर ओसरला, चिखल उपसला गेला. पण शहराचे दुखणे पुराहून जुने होते. आजूबाजूच्या डोंगरांतले लोहखनिज काढायचे, ते बोटींत भरून इंग्लंडला धाडायचे, काही इथेच वितळवून पोलाद करायचे, त्या पोलादाची जहाजे बांधायची, यावर बिल्बाओ शंभर वर्षे जगले. नदीकाठ म्हणजे धक्के, भट्ट्या, गोदामे, रेल्वेचे यार्ड. माणसांना तिथे जागाच नव्हती. सत्तरीच्या दशकात युरोपभर पोलाद आणि जहाजबांधणी गडगडली तेव्हा हा सगळा डोलारा एकदमच खचला. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर बेकारी पंचवीस टक्क्यांच्या आसपास गेली. एउस्काल्दुना गोदी बंद करायचे ठरले तेव्हा कामगार आणि पोलीस यांच्यात रस्त्यावर रण माजले. १९८८ साली गोदीला कायमचे टाळे लागले.

आज बिल्बाओ म्हटले की फ्रँक गेरी या वास्तुरचनाकाराने उभे केलेले गुगेनहाइम संग्रहालय आठवते. एका इमारतीने शहर तारले, अशी ही गोष्ट जगभर सांगितली जाते. सांगायला सोपी आहे, म्हणूनच ती पसरली. खरे काम आधी जमिनीखाली झाले.

नेर्व्हिओन इथे नदी कमी आणि खाडी जास्त. कारखान्यांचे रासायनिक पाणी आणि लाखो लोकांचा मैला वर्षानुवर्षे थेट तिच्यात जात होता. काही पट्ट्यांत पाण्यात प्राणवायूच उरला नव्हता, मग मासे कुठले? आसपासच्या नगरपालिकांनी पाणीपुरवठ्यासाठी मिळून एक संघ आधीच काढला होता. त्याने १९७९ साली सांडपाण्याचा आराखडा हाती घेतला: खाडीच्या काठाने मोठ्या वाहिन्या टाकायच्या, सगळे नाले त्यांना जोडायचे आणि मैलापाणी गालिंदो येथील केंद्रात शुद्ध करूनच खाडीत सोडायचे. हे केंद्र १९९० साली सुरू झाले. पैशाचा मोठा वाटा लोकांच्या पाणीबिलात जादा आकार लावून उभा केला. गंमत पाहा, या गटारकामावरचा खर्च अब्ज युरोच्या घरात गेला, म्हणजे संग्रहालयाच्या कितीतरी पट. गटारासमोर उभे राहून फोटो मात्र कुणी काढत नाही. मुळा-मुठेच्या ४४ किलोमीटर काठाच्या सुशोभीकरणावरून पुण्यात जो वाद चालला आहे, त्यातही कळीचा मुद्दा हाच आहे: आधी काय, काठ की मैलापाणी?

पाण्याची सोय लागत असताना दुसरा प्रश्न जमिनीचा. शहराच्या पोटातला काठ मोकळा व्हायचा तर बंदर हलायला हवे. ते टप्प्याटप्प्याने खाडीच्या मुखाशी, उघड्या समुद्राकडे नेले. मागे राहिलेल्या जमिनी कुठे रेल्वेच्या, कुठे बंदराच्या, कुठे सरकारी कंपन्यांच्या. आपल्याकडे असा सातबारा पाहून कुणीही हात टेकले असते. बिल्बाओने १९९२ साली 'बिल्बाओ रिया २०००' नावाची सार्वजनिक कंपनी काढली. तिच्यात निम्मा वाटा केंद्राच्या संस्थांचा आणि निम्मा बास्क सरकार, प्रांत व नगरपालिकांचा. ज्यांच्या जमिनी तेच भागीदार झाल्यावर भांडण कुणाशी करणार? कंपनीने जमीन साफ केली, रस्ते काढले, काही भूखंड बिल्डरांना विकले आणि नफा पुढच्या कामात घातला. बास्क प्रांत कर स्वतःच वसूल करतात आणि ठरलेला हिस्सा माद्रिदला देतात. त्यामुळे तिजोरीही हाताशी होती. जमीनविक्रीवर चालणाऱ्या या व्यवस्थेची दुखरी बाजू २००८ नंतर दिसली: जमिनीचे भाव पडले तसा कंपनीचा हातही आखडला.

१९९५ साली नॉर्मन फॉस्टर यांनी रचलेली मेट्रो धावू लागली. खाडीच्या दोन्ही तीरांवरची, कामगारांची आणि पैसेवाल्यांची, उपनगरे तिने शहराशी बांधली. तिची काचेची गोलाकार प्रवेशद्वारे लोकांना इतकी आवडली की त्यांना रचनाकाराच्या नावावरून 'फॉस्टेरितो' म्हणू लागले.

आणि मग संग्रहालय. नोकऱ्या नसताना अमेरिकी संस्थेच्या नावासाठी पैसे मोजायचे, यावर टीकेची झोड उठली होती आणि ती गैर नव्हती. ऑक्टोबर १९९७ मध्ये दारे उघडली. इमारतीला टायटॅनियमचे अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ पत्रे जडवले आहेत. बिल्बाओच्या ढगाळ हवेतही ते उजळतात. पहिल्याच वर्षी दहा लाखांहून अधिक लोक आले, तेही साडेतीन लाख वस्तीच्या शहरात.

सगळेच काही साधले नाही. त्याच वर्षी वास्तुरचनाकार कालात्रावा यांचा पांढरा पादचारी पूल झाला. त्याची जमीन काचेची, आणि गाव सदैव पावसाचे! माणसे घसरून पडू लागली, शेवटी पालिकेने वर चटई अंथरली. पुढे पुलाला जोडमार्ग काढला म्हणून कालात्रावा कोर्टात गेले आणि २००९ साली त्यांना ३०,००० युरो भरपाई मिळाली. मागणी तीस लाखांची होती.

एउस्काल्दुना गोदीच्या जागी आता सभागृह आणि सागरी संग्रहालय आहे. तिथली एक क्रेन मात्र भंगारात गेली नाही. लाल रंग लावून ती उभी ठेवली. तिचे नाव 'कारोला'. पलीकडच्या तीरावरून रोज होडीने येणाऱ्या एका देखण्या बाईचे हे नाव, असे सांगतात. ती आली की कामगार हातातले काम टाकून बघत बसत. इतका वेळ वाया जातो त्यापेक्षा तिच्यासाठी पूल बांधणे स्वस्त पडेल, असा हिशेब गोदीत कुणीतरी मांडल्याची दंतकथा आहे. जहाजे बांधणाऱ्या माणसांची या काठावर उरलेली खूण म्हणजे बव्हंशी ही क्रेनच. नव्या नोकऱ्या हॉटेलांत, कचेऱ्यांत निघाल्या; पन्नाशीतला वेल्डर तिथे जाऊन काय करणार होता?

नक्कल करणाऱ्यांनी मात्र फक्त इमारत पाहिली. पोलादाचेच गाव असलेल्या इंग्लंडमधल्या शेफिल्डने १९९९ साली लोकप्रिय संगीताचे चकचकीत केंद्र उघडले. प्रेक्षक फिरकले नाहीत, दुसऱ्या वर्षी ते बंद पडले.

बिल्बाओचे काम अजून संपलेले नाही. सोरोत्साउरे नावाची कारखान्यांची लांबट पट्टी, शेजारचा अर्धवट राहिलेला कालवा फोडून २०१८ साली बेट करण्यात आली. पुराच्या पाण्याला दुसरी वाट मिळावी, जुन्या पेठेत ते पुन्हा चढू नये, हा त्यामागचा एक हेतू. वास्तुरचनाकार झहा हदीद यांच्या आराखड्यानुसार बेटावर घरे, शाळा, कार्यशाळा उभ्या राहत आहेत. घरांपैकी जवळपास निम्मी सरकारी मदतीची, परवडणाऱ्या दराची असतील असे ठरले आहे, आणि जुन्या कारखान्यांच्या काही इमारती पाडायच्या नाहीत, हेही.